वजनकाट्यापर्यंतची तार

सहदेवराव मूळचे हिवरखेडचे. गावाच्या कडेला त्यांचा दोन एकरांचा मळा होता. वडील वांगी, मेथी, गवार काढायचे आणि आई पाटी घेऊन बाजारात बसायची. तीन भावांत सहदेव धाकटा. मळा तिघांना पुरणार नाही हे घरात कोणी कधी बोललं नाही, पण ठाऊक सगळ्यांना होतं. दहावी होताच तो अकोल्याला आयटीआयला गेला, वायरमनचा कोर्स केला आणि चोविसाव्या वर्षी टेलिफोन खात्यात लाइनमन म्हणून लागला. नेमणूक अमरावतीची.

तो काळ फोनचा होता. फोन बंद पडला की माणसं ऑफिसात येऊन हात जोडायची. सहदेवराव सायकलवर तारेचं भेंडोळं टाकून निघत. शिडी मिळाली तर शिडी, नाही तर दोराने खांबावर. लाइनमन दारात दिसला की घरात चहा टाकला जाई. हळूहळू त्यांचा हात असा बसला की खांबाला पाठ टेकवून, कानाला यंत्र लावून ते सांगत, "तार तिकडं तिसऱ्या खांबाजवळ तुटली असन," आणि तार तिथेच तुटलेली निघे. खात्यात टेप कमी आणि कामं जास्त, म्हणून अंतर ते पावलांनीच मोजत. चार पावलं म्हणजे तीन मीटर. एकतीस वर्षांत हे गणित एकदाही बदललं नाही.

मग फोन निघायला लागले. त्यांच्या भागात नऊशे होते, त्यांचे सहाशे झाले, मग दोनशे. एका निवृत्त शिक्षिकेकडे त्यांनी स्वतःच्या हाताने फोन बसवला होता. तो परत घ्यायलाही तेच गेले. बाईंनी यंत्र पुसून, वायर गुंडाळून, पिशवीत घालून दिलं. वर म्हणाल्या, "चहा घेऊन जा. आता तुमचं येणं होणार नाही." शेवटी सत्तर फोन उरले आणि खात्याने स्वेच्छानिवृत्तीची योजना आणली. सहदेवरावांनी अर्ज भरला. तेव्हा ते पंचावन्न वर्षांचे होते.

घरी बसल्यावर त्यांनी आधी सगळे नळ दुरुस्त केले. मग शेजाऱ्यांच्या बेल. मग भिंतीला खुंट्या. त्यांच्या पत्नी, माणिकबाई, एका सकाळी परसात उभ्या राहून म्हणाल्या, "एवढे खिळे कावून ठोकून राहिले तुमी? आपल्या घरात टांगाले एवढे कपडे तं पायजेत!" सहदेवराव हसले आणि हातोडी ठेवून दिली. दुःखी वगैरे ते नव्हते. पेन्शन येत होती, तब्येत धड होती. फक्त दुपार फार लांब वाटायची.

त्यांचा एकुलता एक मुलगा शेखर कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचा. सकाळी सहाला बाहेर. सून प्रतीक्षा परतवाड्याची. तिने कॉम्प्युटरचा डिप्लोमा केलेला. चार वर्षं एका दवाखान्यातले कॉम्प्युटर सांभाळल्यावर तिने स्वतःचं काम सुरू केलं होतं. छोट्या ऑफिसांत जाऊन सगळे कॉम्प्युटर एकमेकांना जोडायचे, मध्ये एक सर्व्हर ठेवायचा आणि ऑफिसच्या फायली त्या एकाच जागी आणून सगळ्यांना उघडता येतील असं करून द्यायचं. डॉक्टर, वकील, नकाशे काढणारे इंजिनिअर, अशी तिची गिऱ्हाइकं. सर्व्हरचं ती स्वतः बघे. केबल ओढायला एक वायरमन ठेवला होता.

गेल्या वर्षी सप्टेंबरात त्या वायरमनला पुण्यात नोकरी लागली आणि वरुडचं काम अर्ध्यावर टाकून तो गेला.

शनिवारची दुपार होती. प्रतीक्षा हॉलमध्ये फरशीवर बसून केबलचे छोटे तुकडे तयार करत होती. शेजारी निळ्या केबलचं खोकं, मांडीवर चिमटा, समोर प्लास्टिकच्या पारदर्शक टोकांचा ढीग. सहदेवराव पाणी प्यायला उठले आणि तिच्या मागे थांबले. तिने केबलचं वरचं आवरण कापून काढलं तशा आतून पिळलेल्या तारा बाहेर आल्या. निळी-पांढरी, नारिंगी-पांढरी, हिरवी-पांढरी, तपकिरी-पांढरी.

"राखाडी कुठी गेली?" सहदेवराव म्हणाले.

प्रतीक्षाने मान वर केली. "काय, बाबा?"

"निळी, नारिंगी, हिरवी, तपकिरी, राखाडी. पाच जोड्या असतेत. हे चारच कावून हाये?"

"यात चारच असतात. पण तुम्हाला रंगांचा क्रम कसा माहीत?"

"कसा माहीत!" सहदेवराव गुडघा धरून हळूच खाली बसले. "खात्यात आल्यावर पयल्याच महिन्यात साहेबानं पाठ करून घेतला. पांढऱ्याच्या पाच, लालच्या पाच, काळ्याच्या पाच, असं करत शंभर-शंभर जोड्यांची केबल राहे जाडजूड. खड्ड्यात बसून एकेक जोडी जुळवायची. एक चुकली का याच्या घरची घंटी त्याच्या घरी वाजे."

त्यांनी एक तुकडा हातात घेतला. तिच्याकडे बघत त्यांनी तारा सुट्या केल्या, अंगठ्याने सरळ केल्या, एका रेषेत धरल्या. मग तिने आधी केलेलं टोक डोळ्याजवळ नेलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"ही हिरवी जोडी फोडली कोणं? निळी मधात घुसवून ठेवली."

"मीच फोडली. ते तसंच असतं, बाबा. ठरलेलंच आहे."

"ठरलेलं असन तं ठीक," ते नाखुशीने म्हणाले, आणि पुढची तीन टोकं त्यांनी तशीच, हिरवी फोडून केली. प्रतीक्षाने टेस्टरला लावून बघितली. आठही दिवे ओळीने लागले, तिन्ही वेळा. ती स्वतः नवीन होती तेव्हा पहिली वीस टोकं तिने फेकून दिली होती.

चहा होईपर्यंत त्यांनी अकरा टोकं केली. मग कप खाली ठेवत विचारलं, "वरुडचं काय झालं मंग? माणूस भेटला?"

"नाही ना. सोमवारी जायचंय. ऑक्टोबरात त्यांचा हंगाम सुरू होतो, त्याआधी पाहिजे त्यांना."

"मी येतो."

प्रतीक्षाने चिमटा खाली ठेवला. तिला ते आवडलं होतं आणि अवघडही वाटत होतं. सासऱ्याला शिडीवर चढवलं म्हणून लोक नावं ठेवतील, शेखर काय म्हणेल, आणि पडले-बिडले तर? तिने स्वयंपाकघराकडे पाहिलं. माणिकबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"घेऊन जाय बाई याइले," त्या म्हणाल्या. "खांबावर अर्धा जलम गेला, आता शिडीले काय भेतेत? फक्त जेवण वेळेवर दे. भूक लागली का चिडतेत."

सोमवारी सकाळी प्रतीक्षाच्या जुन्या गाडीच्या टपावर शिडी बांधून दोघं निघाले. मोर्शी मागे पडली तशा दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा सुरू झाल्या. फळ अजून हिरवं होतं, पण फांद्या वाकल्या होत्या.

वरुडच्या अलीकडे रस्त्याला लागून संत्रा बागायतदारांच्या एका कंपनीचं आवार होतं. पुढे पाच खोल्यांचं ऑफिस, मागे प्रतवारीची मोठी शेड, आणि पार टोकाला, फाटकाजवळ, वजनकाट्याची केबिन. गाडी काट्यावर यायची, तिथे वजन व्हायचं. शेडमध्ये फळाची प्रत ठरायची. ऑफिसात गाडीचे कागद व्हायचे. तीन ठिकाणी कॉम्प्युटर होते आणि ते एकमेकांना ओळखत नव्हते. काट्यावरचे नत्थुजी वजनाची यादी पेन ड्राइव्हवर घालत, पेन ड्राइव्ह नाडीने गळ्यात अडकवत आणि सायकलने ऑफिसात आणून देत. हंगामात दिवसातून वीस वेळा. ऑफिसात गीतांजली नावाची चुणचुणीत मुलगी होती. ती ही यादी उतरवून घेई, शेडमधली दुसरी यादी तिला जोडे आणि मग कागद काढी. गेल्या हंगामात तिच्याकडे एकाच दिवसाच्या तीन याद्या झाल्या, तिन्हींचं नाव 'नवीन'. त्यातली जुनी धरली गेली आणि एका शेतकऱ्याचा माल दुसऱ्याच्या नावाने बंगालकडे रवाना झाला. ते निस्तरायला आठवडा गेला. तेव्हाच कंपनीने ठरवलं, सगळ्यांची यादी एकच पाहिजे.

"काका, तुम्ही मॅडमचे कोण?" गीतांजलीने पहिल्याच दिवशी विचारलं.

"मी यांचा वायरमन," सहदेवराव म्हणाले.

"सासरे आहेत माझे," प्रतीक्षा म्हणाली. गीतांजलीने एकदा त्यांच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं आणि दोघांनाही चहा सांगितला.

पहिला दिवस ऑफिसातच गेला. आधीच्या वायरमनने केबल विजेच्या वायरीसोबत एकाच पट्टीत कोंबली होती. सहदेवरावांनी ती सगळी उपसली आणि हातभर अंतर ठेवून वेगळी पट्टी मारली. प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना त्यांनी कागदी पट्टी चिकटवून नंबर लिहिला आणि प्रत्येक ठिकाणी दीड हात केबल जास्तीची गुंडाळून ठेवली. प्रतीक्षा म्हणाली, "बाबा, एवढी कशाला वाया घालवता?"

"वाया नाही जात. टेबल सरकवत नाही का माणसं? टेबल सरकलं का मंग तुले फोन करतीन."

दुपारी तीन वाजता गीतांजलीने खरोखरच आपलं टेबल खिडकीकडे सरकवलं, तेव्हा प्रतीक्षा सासऱ्यांकडे बघून हसली. ते शिडीवर होते. त्यांनी पाहिलं नाही असं दाखवलं.

कागदपत्रांच्या खोलीत, लोखंडी कपाटाच्या वर नको म्हणून भिंतीला फळी मारून, तिने सर्व्हर ठेवला. चपलांच्या खोक्याएवढीच पेटी. आत दोन डिस्क. एकीवर लिहिलेलं दुसरीवरही आपोआप लिहिलं जाणार. तिने त्यावर चार कप्पे केले आणि ते सगळ्या कॉम्प्युटरवर दिसतील असं केलं: वजन, प्रतवारी, गाड्या, पत्रं. संध्याकाळी गीतांजलीने आपल्या टेबलावरून 'गाड्या'मध्ये एक फाइल ठेवली आणि पलीकडच्या खोलीत जाऊन ती उघडली. मग परत येऊन बंद केली, परत जाऊन उघडली. तिचं समाधान होईपर्यंत सहदेवराव दारात उभे राहून पाहत होते. फोन लागल्यावर लोक पहिल्यांदा 'हॅलो' म्हणत तेव्हा त्यांचे चेहरे असेच होत.

दुसऱ्या दिवशी काटा जोडायचा होता आणि तिथे गाडं अडलं.

काट्यापर्यंतची केबल आधीच्या माणसाने टाकून ठेवली होती. प्रतीक्षाने दोन्ही टोकं लावली. नत्थुजींच्या कॉम्प्युटरवर चारही कप्पे दिसले. नत्थुजी खुर्चीतून अर्धे उठले, "आली वाटते!" म्हणाले, आणि तेवढ्यात कप्पे गेले. पाच मिनिटांनी आले. पुन्हा गेले. फाइल उघडायला लागली की अर्ध्यावर अडके. प्रतीक्षाने टोकं कापून नवीन केली, सगळ्या केबल जिथे एकत्र येतात त्या स्विचच्या पेटीतलं भोक बदललं, स्वतःचा लॅपटॉप आणून लावून पाहिला. टेस्टरचे आठही दिवे लागत होते. दुपारचे दोन वाजले, जेवण राहिलं.

"मॅडम, माहा पेन ड्राइव्ह चांगला होता," नत्थुजी म्हणाले. कुचकेपणाने नाही, दिलासा द्यावा तसं. प्रतीक्षाचा चेहरा उतरला.

"ही केबल किती लांब हाये?" सहदेवरावांनी विचारलं.

"नकाशात पंच्याऐंशी मीटर आहे."

"नकाशा कोणं काढला?"

"त्या वायरमननंच दिला होता."

सहदेवराव उठले. ऑफिसच्या भिंतीला टाच लावून त्यांनी चालायला सुरुवात केली. नकाशात रेघ सरळ होती. केबल शेडला वळसा घालून, विहिरीच्या कठड्यामागून, पाण्याच्या टाकीला अर्धी फेरी मारून गेली होती. सहदेवराव केबलच्या बाजूने चालत गेले, ओठ हलवत. मजूर बायकांनी हातातली क्रेट खाली ठेवून त्यांच्याकडे पाहिलं. केबिनच्या पायरीला पाय लागला तेव्हा ते थांबले.

"एकशे ब्याऐंशी पावलं," ते म्हणाले. "म्हणजे साडेछत्तीस... एकशे साडेछत्तीस मीटर. चढउताराचे सहा-सात अजून धर."

प्रतीक्षा तिथेच एका उलट्या क्रेटवर बसली. "शंभर," ती म्हणाली. "या केबलला शंभर मीटरचीच मर्यादा असते, बाबा. त्याच्या पुढे काही खरं नसतं. आणि मी सकाळपासून टोकं कापत बसले."

"मले मर्यादा माहीत नव्हती. आमच्या फोनचा आवाज चार-चार किलोमीटर जाये."

"आणि मला अंतर माहीत नव्हतं."

दोघंही हसले. नत्थुजींना काय झालं ते कळलं नाही, पण हसू आलेलं पाहून तेही हसले, आणि मग तिघं जेवायला बसले. नत्थुजींच्या डब्यात झुणका-भाकर होती. माणिकबाईंनी दिलेल्या पोळ्यांची त्यात वाटणी झाली.

जेवता जेवता प्रतीक्षा म्हणाली, "मध्ये शेडमध्ये एक स्विच ठेवला तर चालेल. तिथून पुढं अंतर कमी होईल."

सहदेवरावांनी मान हलवली. "चालन. पण तांब्याची तार उघड्यावरून नको नेऊ. मी डोळ्यांनं पायलं हाये. एके वर्षी जून महिन्यात वीज पडली खांबावर, अन् तिकडं एक्स्चेंजात कार्डं जळून गेले. तुही सर्व्हरची पेटी जळन त्यानं."

प्रतीक्षाने घास तसाच ठेवला. याचा तिने विचारच केला नव्हता. तिची आतापर्यंतची सगळी ऑफिसं एका छताखालची होती. थोड्या वेळाने ती म्हणाली, "मग काचेची टाकू. फायबर. तिला अंतराचं काही नाही आणि विजेचंही नाही."

सहदेवरावांना फायबर ठाऊक होती. खात्यात फायबर आली तेव्हा तिच्यासोबत वेगळी माणसं आली होती, वेगळ्या गाडीतून, वेगळे बूट घालून. लाइनमननी बाजूला उभं राहायचं. रस्त्याच्या कडेला पडलेला एक तुकडा त्यांनी एकदा खिशात घालून घरी आणला होता, केसासारखी बारीक काच, आणि शेखरला दाखवला होता. त्याच काचेमुळे आपले खांब जाणार हे तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं.

"मले जमन का ते?" त्यांनी विचारलं.

"टोकं लावलेली तयार केबल मिळते. आपल्याला फक्त ओढायची. पण जोरात वाकवायची नाही."

"वाकवत नाही," सहदेवराव म्हणाले.

केबल नागपूरहून यायला दोन दिवस लागले. दीडशे मीटर. तोवर कंपनीच्या माणसांनी चर खणून त्यात पाइप टाकला आणि सहदेवरावांनी प्रत्येक वळण गोल आहे की नाही ते बसून तपासलं. पाइपमधून आधी दोरी न्यायची होती आणि वळणांमुळे ती पुढे सरकेना. तेव्हा त्यांनी शेडमधला धूळ उडवायचा ब्लोअर मागवला, प्लास्टिकच्या पिशवीला बारीक सुतळी बांधून पिशवी पाइपच्या तोंडात सारली आणि म्हणाले, "सोड हवा." तिकडच्या टोकाला नत्थुजी वाकून पाइपमध्ये बघत होते. पिशवी फट्‌कन त्यांच्या चष्म्यावर येऊन बसली. मजूर बायका इतक्या हसल्या की मुकादमाला ओरडावं लागलं. सुतळीने दोरी ओढली, दोरीने केबल. सहदेवराव केबल दोन्ही हातांवर घेऊन, लहान मूल धरावं तशी, पाइपात सोडत होते. त्यांना ती वाटली होती त्यापेक्षा खूपच हलकी निघाली.

संध्याकाळी पाच वाजता काट्यावर चारही कप्पे आले आणि गेले नाहीत. प्रतीक्षाने दीड तास वाट पाहिली. सहदेवराव तोवर फाटकाजवळच्या दगडावर बसून राहिले. जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्या बघत होते आणि मधूनच, कोणी पाहत नाही असं बघून, केबिनच्या भिंतीवरच्या हिरव्या लुकलुकत्या दिव्याकडे.

शुक्रवारी मात्र ऑफिसातून गीतांजली धावतच आली. "मॅडम, 'गाड्या' नाहीये! सगळा कप्पाच गेला!"

गाड्यांचे जुने-नवे सगळे कागद तिने दोन दिवस बसून त्यात घातले होते. सगळे कॉम्प्युटर पाहून झाले. शेवटी प्रतीक्षाने सर्व्हरची नोंद काढली. काट्यावरून, अकरा वाजून दहा मिनिटांनी. नत्थुजींनी माउस दाबून धरला, हात हलला आणि कप्पा उचलून दुसऱ्यात गेला; तो परत काढताना त्यांनी घाबरून तो पुसूनच टाकला होता.

नत्थुजी केबिनमध्ये मान खाली घालून बसले. "मी म्हणलोच होतो, मले हे नका देऊ. उद्यापासून मी पेन ड्राइव्हच आणत जातो."

प्रतीक्षा ऑफिसात गेली होती. सहदेवरावांनी स्टूल ओढलं आणि त्यांच्यासमोर बसले.

"नत्थुजी, मी कामाले लागलो अन् दुसऱ्याच वर्षी एक केबल कापली. साहेबानं सांगतली होती लाल दोऱ्याची, मी कापली निळ्या दोऱ्याची. पन्नास जोड्या. अख्खी पेठ मुकी झाली."

"मंग?" नत्थुजींनी मान वर केली.

"मंग काय. त्या पेठेत एक डॉक्टर राहे, एक ठाणेदार राहे. ठाणेदार स्वतः आला खड्ड्यापाशी. म्हणे, कोणं कापली? मी म्हणलो, मीनंच कापली साहेब, आता सांधून राहिलो, उजेडाच्या मधात नका उभे राहू."

"असं म्हणले तुमी ठाणेदाराले?"

"घाबरून म्हणलो गा. तोंडातून निघून गेलं. तो बाजूले झाला, अन् मी दुसऱ्या दिवशी दुपारलोक सांधली. मंग साहेबानं मले काढलं नाही. केबलीच्या दोऱ्यावर नंबर बांधाले लावलं."

तेवढ्यात प्रतीक्षा आली. सर्व्हर दर दोन तासांनी सगळ्याची एक प्रत बाजूला ठेवत होता. दहा वाजताच्या प्रतीतून तिने 'गाड्या' जशाच्या तशा परत आणल्या होत्या. गीतांजलीची सकाळची एकच फाइल गेली होती आणि ती तिने पुन्हा लिहूनही काढली होती.

"नत्थुजी, चूक माझी आहे," प्रतीक्षा म्हणाली. "मी सगळ्यांना सगळं बदलायला दिलं होतं. आता तुम्ही 'वजन'मध्ये हवं ते करा. बाकीचे तीन तुम्हाला दिसतील, वाचता येतील, पण हलणार नाहीत. कितीही माउस दाबा."

"हलणारच नाहीत?"

"दाबून पाहा."

नत्थुजींनी 'गाड्या'वर माउस दाबून धरला आणि ओढला. पडद्यावर पाटी आली, परवानगी नाही. त्यांनी पुन्हा ओढलं. पुन्हा पाटी. चार वेळा झाल्यावर त्यांच्या खांद्यांतला ताठरपणा गेला. गळ्यातला पेन ड्राइव्ह काढून त्यांनी टेबलाच्या खणात ठेवला आणि खण लावून घेतला. मग सहदेवरावांना म्हणाले, "भाऊ, तुमी जायच्या आधी मले ते यादी कशी उघडाची ते एक डाव लिहून द्या. मोठ्या अक्षरात."

सहदेवरावांना तरी कुठे येत होतं! त्यांनी प्रतीक्षाला विचारून, सात ओळी, मोठ्या अक्षरांत लिहून दिल्या. लिहिता लिहिता त्या त्यांनाही पाठ झाल्या.

ऑक्टोबरात हंगाम लागला. दिवाळीआधीच्या आठवड्यात गीतांजलीचा फोन आला, की काल एका दिवसात एकतीस गाड्या गेल्या, आणि नत्थुजी आता सायकल फक्त घरी जायला वापरतात. कंपनीच्या अध्यक्षांनी दोन क्रेट संत्री पाठवली. माणिकबाईंनी त्यातली निम्मी गल्लीत वाटली आणि प्रत्येक घरी सांगितलं, "याइनं अन् सुनेनं मिळून काम केलं वरुडले."

त्यानंतर कामं येत गेली. महिन्यात तीन-चार. सहदेवराव त्याहून जास्त घेत नाहीत, गुडघा कुरकुरतो. सहा फुटांच्या वर चढायचं नाही ही माणिकबाईंची अट आहे, आणि ते ती बहुतेक पाळतात. प्रतीक्षाने त्यांना एक वही दिली आहे. तीत ते प्रत्येक ऑफिसचा नकाशा काढतात, कुठली केबल कुठून गेली, कितवी, किती पावलं. शेखर एकदा वही चाळत होता. म्हणाला, माझ्या क्लासच्या पोरांच्या वह्या अशा असत्या तर बरं झालं असतं.

यंदा अकोल्याला माती तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेचं काम निघालं. दुसऱ्या मजल्यावर आठ कॉम्प्युटर. सहदेवराव अकोल्यात शिकलेले, पण गाडीतून उतरल्यावर त्यांना दोन चौक ओळखू आले नाहीत. काम दोन दिवसांत आटोपलं. परत येताना मूर्तिजापूरला दोघांनी एका टपरीवर गरम भजी घेतली. दुपार उतरली होती, रस्त्याच्या पलीकडे तुरीवर पिवळा फुलोरा होता.

"बाबा, त्यांचंच दुसरं ऑफिस आहे तेल्हाऱ्याला," प्रतीक्षा म्हणाली. "तेही आपल्यालाच द्यायचं म्हणतात. दिवाळीच्या सुट्टीत ऑफिस रिकामं असतं, तेव्हा करू म्हणतात."

"दिवाळीत नाही जमत."

"दोनच दिवस लागतील."

"दिवाळीत मी हिवरखेडले. भावांनं वांग्याचं भरीत ठरवलं हाये मळ्यात. तुमी सगळेच येऊन राहिले, तुले सांगतलं नाही का तुया सासूनं?"

"नाही सांगितलं."

"आता सांगतो ना मी."

प्रतीक्षाने फोन काढला आणि प्रयोगशाळेच्या साहेबांना कळवलं, की भाऊबीज झाल्यावर दुसऱ्या दिवशी येतो, तेल्हारा हिवरखेडहून जवळच पडेल. मग तिने आणखी एक प्लेट भजी सांगितली. सहदेवराव कागदात उरलेली तळलेली मिरची शोधत होते.